वाटी पोचली का?

मराठी माणूस समीक्षा कशाची करीत नाही? नाटकाची करतो, मिसळीची करतो, शेजाऱ्याने भिंतीला लावलेल्या रंगाची करतो, लग्नातल्या मठ्ठ्याची करतो आणि तेवढ्यानेही भागले नाही तर मुलीकडच्या मंडळींची करतो. मंडईत मेथीची जुडी घेताना तो ती अशी उलटीपालटी करून पाहतो, की आपण मेथी म्हणून जन्माला आलो याची त्या जुडीलाच लाज वाटावी. पण या फोनमधला फोटो त्या फोनमध्ये धाडायला कोणते ॲप घ्यावे, असा प्रश्न आला की हाच चोखंदळ माणूस एकदम भोळा सांब होतो. दुकानातल्या पोराने टाकून दिले, भाच्याने सुचवले, जाहिरातीत नाचत नाचत आले, की घेतले! मेथीत निघून निघून काय निघणार? अळी. फोनमध्ये मात्र आधारकार्डापासून पासबुकाच्या फोटोपर्यंत अख्खे घर असते, आणि त्या घरात आपण एका अनोळखी इसमाला 'या, बसा, कपाट उघडंच आहे' म्हणून घेतो.

सबब, मराठी समीक्षेतली ही पोकळी भरून काढण्याचा विडा मी उचलला आहे. कोणी उचल म्हटले नव्हते. पण समीक्षकाला तसे कोणी कधीच म्हणत नसते.

समीक्षा म्हटली की निकष आले. या विषयावर बोलणारे बहुतेक जण वेगापाशी अडतात. सेकंदाला अमुक मेगाबाइट, तमुक मेगाबाइट. म्हणजे टांग्याचे परीक्षण करताना घोडा किती जोरात पळाला ते रंगवून सांगायचे आणि आत बसलेले आजोबा वाटेत कुठे पडले याबद्दल अवाक्षर काढायचे नाही, त्यातला प्रकार.

आमच्या आळीत याहून बरे निकष होते. घरी अळूची पातळ भाजी झाली की एक वाटी झाकून शेजारी जायची. ती नेण्याचे काम घरातल्या सगळ्यात धाकट्या पोराकडे असे, कारण त्याच्या नावावर दुसरे कुठलेच काम नसे. ते पोर परत आले की आई उंबऱ्यातच उलटतपासणी घ्यायची. वाटी पोचली का? भरली होती तेवढीच पोचली, की जिन्यात सांडलीस? वाटेत बोट घातलंस का? आणि शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा : फक्त तुझ्या मित्राच्याच घरी गेलास, की माडीवरच्या काकूंकडेही दिलीस?

एका फोनमधली वस्तू दुसऱ्या फोनमध्ये नेणारे ॲप म्हणजे हेच धाकटे पोर. त्याला लावायचे निकषही हेच चार. पोचवतो का, जसेच्या तसे पोचवतो का, वाटेत बोट घालतो का आणि सगळ्या घरी जातो का. बाकी सारे नेपथ्य.

आता या रंगभूमीचा थोडा पूर्वेतिहास पाहू. समीक्षकाने पूर्वेतिहास सांगितला नाही तर त्याने काही वाचलेले नाही असा लोकांचा समज होतो.

पहिला अंक इन्फ्रारेडचा. १९९३ साली या कामासाठी कंपन्यांची एक संघटना स्थापन झाली आणि पुढे कित्येक फोनांच्या कपाळावर एक काळी काच दिसू लागली. हे दोन फोन टेबलावर समोरासमोर, साधारण हातभर अंतरावर ठेवायचे. एकमेकांच्या नजरेला नजर भिडलीच पाहिजे. वधूवरच ते! फक्त इथे अंतरपाट दूर झाल्यावर मंगलाष्टके सुरू व्हायची. मध्येच कोणी 'चहा घेणार का?' म्हणून कप पुढे केला, की मुहूर्त टळला, पुन्हा पहिल्यापासून. एका फोटोला एवढा विधी लागायचा, त्यामुळे माणसे फोटो विचार करून पाठवीत. त्या पद्धतीचा हा एक गुण नमूद केला पाहिजे.

दुसऱ्या अंकात ब्लूटूथ आले. हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाच्या टोपणनावावरून घेतले आहे. टोपणनावाचा अर्थ निळा दात. या राजाने डेन्मार्क आणि नॉर्वे एका छत्राखाली आणले अशी त्याची ख्याती. तशी आपणही निरनिराळी यंत्रे एकत्र आणू, अशा उमेदीने १९९८ साली एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा या कंपन्या जमल्या. त्या निळ्या चिन्हातसुद्धा राजाच्या नावाची दोन आद्याक्षरे जुन्या रूनी लिपीत एकमेकांवर बसवलेली आहेत. नाव ठेवावे तर असे! आपल्याकडे हा शोध लागला असता तर समिती नेमली गेली असती आणि अजून अहवाल यायचा असता.

ब्लूटूथ चारित्र्याने चांगले. इंटरनेट लागत नाही, पैसे लागत नाहीत, बोट घालत नाही. पण चाल ऐरावताची. फाइल नेताना त्याचा वेग व्यवहारात सेकंदाला दोन मेगाबिटच्या आसपास राहतो. इथे वाचकांनी बिट आणि बाइट यांत घोटाळा करू नये. आठ चवल्यांचा रुपया होत असे, तसा आठ बिटांचा बाइट होतो. कंपन्या जाहिरातीत वेग चवल्यांत सांगतात आणि आपण तो रुपयांत ऐकतो. या हिशेबाने सव्वा-दीड गिगाबाइटचा व्हिडिओ ब्लूटूथने पाठवायला बसलात तर दीड तास गेला. तेवढ्यात व्हिडिओतली माणसे प्रत्यक्ष भेटून येता येते.

शिवाय चौथ्या निकषावर त्याचा पाय घसरतो. अँड्रॉइड फोनवरून आयफोनला ब्लूटूथने साधा फोटो पाठवता येत नाही. आयफोन त्याच ब्लूटूथवर कानातली यंत्रे चालवतो, घड्याळ चालवतो, पण परक्या फोनची फाइल घ्या म्हटले की दार लावून घेतो. दोन राज्ये एक करणाऱ्या राजाचे नाव लावायचे आणि दोन शेजारच्या खिशांत सोवळे पाळायचे!

तिसरा अंक आपल्या मातीतला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले. त्याआधी एक जीबी डेटा अडीचशे रुपयांच्या घरात पडत असे. म्हणून एसटी स्टँडाबाहेरच्या मोबाइलच्या टपऱ्यांवर 'मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील' अशा पाट्या असत. पिठाच्या गिरणीत डबा ठेवावा तसे कार्ड ठेवून यायचे आणि संध्याकाळी भरून न्यायचे. त्या काळात शेअरइट आणि झेंडर ही ॲप आली आणि त्यांनी गिरणीच घरात आणून दिली. युक्ती साधी होती. एक फोन स्वतःच छोटेसे वायफाय तयार करायचा, दुसरा त्याला जोडला जायचा आणि सिनेमा या खिशातून त्या खिशात काही मिनिटांत जायचा. इंटरनेटचा एक थेंबही न सांडता! वसतिगृहात, रेल्वेच्या डब्यात, लग्नाच्या जानवसघरात यांची सद्दी होती. पहिल्या निकषावर पोरगे अव्वल, दुसऱ्यावर अव्वल, चौथ्यावरही अव्वल.

तिसऱ्याचे काय? तिथेच तर नाटक रंगले. पुढे पुढे या जातीच्या पुष्कळ ॲपना नुसते निरोप्या राहणे कमीपणाचे वाटू लागले. अशाच एकाला मी काही दिवस घरात ठेवले होते. नाव घेत नाही, जाऊ द्या. एक फोटो पाठवायचा तर आधी त्याने माझ्या ओळखीच्या सगळ्या माणसांची यादी मागितली. मग मी कुठे उभा आहे ते विचारले. मग एक खेळ दाखवला, मग दोन नाचणाऱ्या मुली दाखवल्या, आणि शेवटी गंभीर चेहरा करून म्हणाले, "तुमचा फोन गरम झाला आहे, थंड करू का?" अहो, तुमच्यामुळेच झाला! आणि थंडच करायचा तर पंखा आहे घरात. फोटो तेवढा बाजूलाच राहिला. वाटी न्यायला सांगितलेल्या पोराने वाटेत पथारी टाकून भाजीचा गाडा लावावा आणि गिऱ्हाइकाला आपल्याच घरची कपबशी विकावी, असे झाले.

न्यायाने सांगायचे तर 'कुठे उभे आहात' हा प्रश्न दर वेळी आगाऊपणाचा नसे. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत आसपासची यंत्रे शोधायची तर ठिकाणाची परवानगी घेणे ॲपला भाग असे. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत ब्लूटूथसाठी आणि २०२२ च्या तेराव्या आवृत्तीत वायफायसाठी 'जवळपासची उपकरणे' अशी वेगळी परवानगी निघाली आणि ती सबब बरीचशी संपली. आता नव्या फोनवर एखादे फाइल पाठवणारे ॲप तुमचे एसेमेस वाचू द्या म्हणून हटून बसले, तर ते पोर वाटी न्यायला आलेले नाही, घर पाहायला आलेले आहे, एवढे समजावे.

या अंकावर पडदा मात्र समीक्षकांनी पाडला नाही, सरकारने पाडला. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली ५९ ॲपवर बंदी घातली. त्यात शेअरइट होते आणि झेंडरही होते. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने शेअरइटमधली काही भगदाडे जाहीर केली. त्यांतून दुसरे एखादे ॲप आत शिरून हात मारू शकले असते. ती नंतर बुजवली गेली. पण आपल्याकडे रंगमंच आधीच रिकामा झाला होता, आणि रिकामा रंगमंच दिसला की हौशी मंडळी कमी पडत नाहीत. त्याच वेशात, तशीच मिशी लावून ढीगभर ॲप पुढे आली. काही खरेच कामाची होती, काही नुसती मिशी होती.

दरम्यान आपण सगळे एका वेगळ्याच सवयीला लागलो होतो, ती म्हणजे व्हॉट्सॲपची. या समीक्षेत त्याला वगळले तर 'गावात राहून पाटलाला ओळखत नाही' असे होईल. सोय विचाराल तर अशी दुसरी नाही. माडीवरच्या काकू, अमेरिकेतली भाची, वाण्याचे दुकान, सगळी घरे त्याला ठाऊक. चौथ्या निकषावर पैकीच्या पैकी. मजकूर वाटेत कोणी वाचू नये म्हणून कुलूपबंद करून नेतो, तेही चांगले. पण दुसरा निकष लावा. फोटो आणि व्हिडिओ तो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की आवळतो. जागा वाचावी, डेटा वाचावा, हा हेतू. हेतू उत्तमच आहे. आपल्याकडे दुधात पाणी घालणाराही दुधाला हलके करण्याच्याच हेतूने घालत असेल.

आवळतो म्हणजे काय करतो? चित्रातले जे बारकावे डोळ्याला सहसा कळणार नाहीत असे त्याला वाटते, ते टाकून देतो. एकदा टाकलेले परत येत नाही. ती प्रत पुढच्याने पुढे धाडली, तिसऱ्याने कापून स्टेटसला लावली, चौथ्याने तिथून उतरवून पुन्हा पाठवली, की काटछाटीवर काटछाट होत जाते. ताकाचे पुन्हा ताक केल्यावर जे उरते त्याला आपल्याकडे पाणी म्हणतात.

आता यात बिघडले कुठे, असे कोणी विचारील. गुलाबाच्या फुलावर लिहिलेले 'शुभ सकाळ' आवळले काय आणि सैल सोडले काय? अगदी खरे. दोन आकडी सकाळी रोज येतात, त्यांतली एखादी धुरकट निघाली तरी सूर्य उगवतोच. पण सगळ्याच वाट्यांत अळूची भाजी नसते.

आमच्या मावशीचे सांगलीला सहस्रचंद्रदर्शन झाले. जेवणे उरकल्यावर कोणीतरी आग्रह केला आणि मावशीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. मावसभावाने आपल्या फोनवर त्या घेतल्या. अकरा मिनिटे. मध्ये एका ओवीत ती शब्द विसरली, पदर तोंडाला लावून हसली, आणि शेवटी म्हणाली, "झालं का रे तुमचं छापून?" आठ महिन्यांनी मावशी गेली. तेराव्याला जमलेल्या सगळ्यांच्या फोनमध्ये तो व्हिडिओ होता. कोणाला या ग्रुपवरून आलेला, कोणाला त्या ग्रुपवरून. ओव्या ऐकू येत होत्या, पण तोंडावर कोणी ओला बोळा फिरवावा तसा चेहरा. ऐंशी वर्षे खस्ता खाऊन मिळवलेल्या सुरकुत्या फोनने दोन सेकंदांत पुसून टाकल्या होत्या. मावसबहीण म्हणाली, "ही आई नाही रे. आईसारखं कुणीतरी आहे."

अस्सल प्रत एकाच ठिकाणी होती, मावसभावाच्या जुन्या फोनमध्ये. आणि तो फोन रविवारी 'जुना द्या, नवा घ्या' योजनेत जायचा होता. दिवस शुक्रवार. फाइल जवळजवळ दीड गिगाबाइट. घ्यायला उभे होते एक आयफोन, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे अँड्रॉइड आणि माझा लॅपटॉप. घरात इंटरनेट असे, की तिसऱ्या पायरीवर उभे राहून देवाचे नाव घेतले तर एक रेघ दिसे.

इथे समीक्षकाने आपले निकष बाहेर काढले. ब्लूटूथ आयफोनच्या दारातूनच परत आले असते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तो न आवळता जातो, आणि २०२२ पासून दोन जीबीपर्यंतची फाइल त्यातून जाऊ शकते. ही फार उपयोगी गोष्ट आहे, वाचकांनी लिहून ठेवावी. पण त्यासाठी दीड जीबी आधी वर चढवायचे आणि मग चौघांनी एकेक करून खाली उतरवायचे. त्या तिसऱ्या पायरीवरून ते कधी व्हायचे? एकाच सतरंजीवर बसलेल्या दोन माणसांनी एकमेकांना लाडू द्यायचा, तर तो आधी परदेशातल्या गोदामात पाठवून तिथून मागवायचा, असला तो मार्ग.

ॲपलचे एअरड्रॉप आणि गूगलचे क्विक शेअर ही या धंद्यातली घरंदाज मुले. एअरड्रॉप २०११ सालचे. गूगलचे २०२० मध्ये 'निअरबाय शेअर' म्हणून जन्मले आणि २०२४ च्या जानेवारीत सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये मिसळून तेच नाव लावू लागले. दोघांची तालीम सारखीच आहे. ब्लूटूथने हाक मारायची, 'आहे का कोणी?' आणि ओ आली की प्रत्यक्ष ओझे वायफायने न्यायचे. वस्तू जशीच्या तशी, बोट न घालता, झपाट्याने. जाहिरात नाही, नाच नाही. तीन निकषांवर वाहवा! पण चौथा निकष आला की दोघांचेही घराणे आडवे येते. एअरड्रॉप ॲपलच्याच घरी जायचे, क्विक शेअर अँड्रॉइडच्या आणि फार तर विंडोजच्या. अमुक घरचे पाणी प्यायचे नाही! मोठ्या घरांची ही भांडणे तंत्राची नसतात. पलीकडच्याशी देवघेव जितकी अवघड, तितकी आपली माणसे वाड्याबाहेर पडत नाहीत, एवढे साधे गणित असते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये या भिंतीला एक खिडकी पडली. गूगलने जाहीर केले की पिक्सेल १० या फोनांपासून सुरुवात करून क्विक शेअर आता एअरड्रॉपशी बोलू शकते. अट एवढीच, की पलीकडच्या ॲपलवाल्याने आपले एअरड्रॉप 'सर्वांसाठी, दहा मिनिटे' असे उघडे ठेवावे. दहा मिनिटे! पण त्यामागे कारण आहे. दार सताड उघडे राहिले की रेल्वेत बसलेला भलताच कोणी भलतेच फोटो पाठवी, असे प्रकार परदेशांत पुष्कळ झाले होते. वाड्याचा दिंडीदरवाजा अर्धवट उघडला, आता पुढचे पुढे.

आमच्याकडे त्या शुक्रवारी पिक्सेल नव्हता. पण भाचा होता. पुतणे अन् भाचे नसते तर आमची पिढी अजून तारा पाठवीत राहिली असती. तो म्हणाला, "मामा, लोकलसेंड टाकू या."

मी विचारले, "ते काय मागतं?"

"काही नाही."

"म्हणजे पैसे नाही. पण बाकी काय मागतं?"

"काहीच नाही मामा. खातं नाही, नंबर नाही, जाहिरात नाही. कसं बनवलंय तेसुद्धा उघडं ठेवलंय. कुणीही वाचावं."

आपली पाककृती दारावर चिकटवून ठेवणारा हलवाई मी आजवर पाहिला नव्हता. लोकलसेंड हे मुक्त स्रोताचे ॲप आहे. २०२२ च्या सुमारास ते आले आणि अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स अशा सगळ्यांच्या घरी जाते. त्याला इंटरनेट नको, फक्त सगळी यंत्रे एका वायफायवर हवीत. भाच्याने आपल्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला आणि बाकीचे त्याला जोडले. या ॲपची एक खोड आहे. ते प्रत्येक यंत्राचे आपल्या मनाने बारसे करते, एक विशेषण आणि पुढे फळ किंवा भाजी. मावसभावाचा फोन शहाणे गाजर झाला, आयफोन गोड संत्रे झाला, आणि माझ्या लॅपटॉपला जे विशेषण मिळाले ते सौ.ने मोठ्याने वाचून दाखवले. इथे देण्याची गरज नाही. घरातल्या त्या वातावरणातसुद्धा मावसबहीण हसली. मग शहाण्या गाजराने पाठवले, गोड संत्र्याने 'स्वीकारा' म्हटले आणि चहाला उकळी येईपर्यंत पहिली प्रत पोचलीसुद्धा.

व्हिडिओ लावला. मावशी पदर लावून हसली. सुरकुत्या जागच्या जागी होत्या. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मावसभाऊ उठला आणि चहाचे कप गोळा करू लागला. त्याला कपांत इतका रस घेताना मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

पण हात जोडले म्हणजे समीक्षा झाली असे नव्हे. लोकलसेंडचे दोषही सांगितले पाहिजेत. दोन्हीकडे ते घातलेले असावे लागते. म्हणजे काकूंना वाटी द्यायची तर काकूंनीही पोर पाळायला हवे. आयफोनवर ते समोर उघडे ठेवावे लागते, जरा पाठ फिरवली की फोन त्याला झोपवतो. हॉटेलांतल्या आणि मंगल कार्यालयांतल्या फुकट वायफायवर ते पुष्कळदा आंधळे होते. तिथे पाहुण्यांची यंत्रे एकमेकांना दिसू नयेत अशीच व्यवस्था केलेली असते आणि ती योग्यच आहे. अशा वेळी एका फोनचा हॉटस्पॉट हाच उपाय. आणि माणूस सातासमुद्रापार असेल तर हे पोर निरुपयोगी. तिथे डॉक्युमेंटची युक्ती, नाहीतर गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी फाइल ठेवून दुवा पाठवायचा. ड्राइव्ह १५ जीबी फुकट देते, पण त्यातच तुमची जीमेलची पत्रे आणि फोटोही मोजले जातात. दुवा पाठवताना तो ठरावीक माणसालाच उघडावा अशी सोय असते, ती वापरावी. 'दुवा असेल त्या कोणालाही' असे ठेवणे म्हणजे वाटी चौकात ठेवून 'ज्याची असेल त्याने न्या' म्हणण्यासारखे आहे.

शेवटी एका वृद्ध नटाचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल. वायर! फोन आणि संगणक यांच्यामध्ये साधी वायर जोडली तर ना हॉटस्पॉट, ना बारसे. २०२३ च्या आयफोन १५ पासून ॲपलच्या फोनांनाही इतरांसारखेच यूएसबी-सी भोक आले आहे, त्यामुळे एकच वायर दोन्ही घरी चालते. फक्त ती वायर नुसती विजेची नको, माहिती नेणारीही हवी. काही स्वस्त वायरींत माहिती नेणाऱ्या तारा मुळात घातलेल्याच नसतात. त्या कितीही वेळा उलटसुलट खुपसल्या तरी फोन फक्त जेवतो, बोलत नाही. काही पाहुणे असतात तसे.

परीक्षणाच्या अखेरीस तारे देण्याची चाल आहे. मी वाट्या देतो, चारपैकी. इन्फ्रारेडला एक, आणि तीही आठवणीखातर. ब्लूटूथला दोन. एका फोटोपुरते ते आजही भले. व्हॉट्सॲपला नेहमीच्या पद्धतीने दोन, पण 'डॉक्युमेंट'ला तीन. त्याची चौथी वाटी तिसऱ्या पायरीवर अडकली आहे. एअरड्रॉप आणि क्विक शेअर यांना तीन-तीन. दोघे मनापासून एकमेकांकडे जाऊ-येऊ लागले की चौथी आपण होऊन घरी पोचवीन. लोकलसेंडला साडेतीन, अर्धी त्या बारशामुळे कापली. वायरला साडेतीन, अर्धी ती वेळेवर कधीच सापडत नाही म्हणून.

आणि कोणतेही ॲप घेतलेत तरी आईची उलटतपासणी सोडू नका. तिच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काढणे आता फार सोपे झाले आहे. पाठवण्याआधी फाइल किती एमबीची आहे ते पाहावे, पोचल्यावर पलीकडे किती भरली ते विचारावे. आकडा तोच असेल तर एक थेंब सांडला नाही असे समजायला हरकत नाही. चौदाशेचे चाळीस झाले असतील, तर पोराच्या ओठांना काही लागले आहे का ते पाहावे. मूळ प्रत असलेला फोन दुकानदाराच्या हातात द्यायचा तो यानंतर.

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकूंना मी हे सगळे निकष सविस्तर समजावून सांगितले. चाळीस मिनिटे लागली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि नातवाच्या मुंजीचे सगळे फोटो आमच्या कौटुंबिक ग्रुपवर टाकले. एकशे बारा. खाली लिहिले होते : 'पोचले का?'

पोचले, काकू. बटू कोणता आणि भटजी कोणते, तेवढे कळवा.